मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर बारीक दिवे: कोकणातल्या हवेत टिकेल असं वायरिंग

लेआउटवर दिवे लावायचे म्हटलं की बहुतेक जण आधी ऑनलाईन शंभर-दोनशे बारीक एलईडी मागवतात आणि मग ते कुठे कुठे बसतील ते शोधत बसतात. माझं म्हणणं आहे की आधी अंधार कुठे ठेवायचा ते ठरवा. समजा तुम्ही कोकण रेल्वेवरचं आडवली, विलवडे किंवा वैभववाडी रोडसारखं लहान स्टेशन करताय, तर रात्री तिथे खरंच काय दिसतं ते डोळ्यासमोर आणा. प्लॅटफॉर्मवर मोजके दिवे, स्टेशन मास्तरांच्या खोलीतला पांढरा उजेड, दोन्ही टोकांना सिग्नल, पलीकडच्या वाडीत एखाद्या पडवीत पिवळा बल्ब आणि बाकी डोंगर काळाकुट्ट. कोकणकन्या रात्रीची अशा स्टेशनवरून जाते तेव्हा गाडीच्या खिडक्यांचाच उजेड जास्त असतो. हे चित्र हवं असेल तर ४ बाय २ फुटाच्या बोर्डावर वीस-पंचवीस दिवे खूप झाले, आणि तेही मंद. जास्त लावले की तो कोकण राहत नाही, लग्नाचा मांडव होतो.

आता पहिली गोष्ट, दिव्यांचा सप्लाय रुळांपासून पूर्ण वेगळा ठेवायचा. साध्या डीसी कंट्रोलरवर रुळातला दाब गाडीच्या वेगाप्रमाणे शून्य ते बारा व्होल्ट बदलतो आणि गाडी उलटी नेली की प्लस-मायनसही उलटतं, म्हणजे गाडी थांबली की सगळं गाव अंधारात आणि रिव्हर्स घेतली तरी अंधारातच. डीसीसी, म्हणजे गाड्यांना रुळातूनच डिजिटल हुकूम देणारी सिस्टीम असेल तर रुळात दिशा सतत बदलणारा करंट असतो, तिथे साधा एलईडी अर्धाच वेळ पेटतो, वर रुळाला वीज पुरवणाऱ्या बूस्टरवर उगाच लोड. त्यापेक्षा घरात जुन्या राऊटरचा किंवा सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट १ अँपचा ॲडॅप्टर पडलेला असतोच, तो घ्या. मागचं लेबल मात्र नीट वाचा, आउटपुटला डीसी लिहिलेलं हवं आणि १२ च हवं, काही ९ व्होल्टचे असतात, काहींचं आउटपुट एसी असतं. मल्टिमीटरने पिनचं प्लस-मायनस तपासल्याशिवाय काही जोडू नका. २३० व्होल्टची कुठलीही उघडी वायर बोर्डाखाली आणायची नाही, ॲडॅप्टर भिंतीवरच्या प्लगला आणि बोर्डावर फक्त १२ व्होल्ट, हा नियम मोडू नका, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही. ॲडॅप्टरमधून वायर आली की लगेच प्लसवर अर्ध्या अँपचा काचेचा फ्यूज टाका, कारण एक अँपसुद्धा केसासारखी बारीक वायर तापवायला पुरतो.

रेझिस्टरशिवाय एलईडी १२ व्होल्टला लावला की तो तिथेच गेला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण किती ओहमचा लावायचा यावर गोंधळ होतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल-पिवळ्याला साधारण २. १२ मधून ३ गेले की ९ उरले, ते रेझिस्टरने खायचे. पाकिटावर २० मिलीअँप लिहिलेलं असतं ती वरची मर्यादा आहे, तेवढं द्यायलाच हवं असं काही नाही आणि मॉडेलसाठी तर देऊच नये. घरातल्या दिव्याला २ मिलीअँप धरा, ९ भागिले ०.००२ म्हणजे ४५०० ओहम, बाजारात जवळचा मिळतो तो ४.७ के (के म्हणजे हजार ओहम), पट्ट्या पिवळी, जांभळी, लाल. पाव वॅटचा साधा रेझिस्टर पुरतो, गरमसुद्धा होत नाही. खांबावरच्या दिव्याला २.२ के, जास्तच झगझगीत हवा असेल तर १ के, त्याच्या खाली जायची गरज मला तरी दिसत नाही. तुळशी वृंदावनापुढच्या पणतीला पिवळा एलईडी आणि २२ के लावून बघा, अर्धा मिलीअँपही जात नाही आणि तरी तो अंधारात बरोबर पणतीएवढाच दिसतो.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. पाच एलईडी पॅरलल, म्हणजे शेजारी शेजारी त्याच दोन वायरींवर जोडून सगळ्यांना मिळून एकच लावायचा शॉर्टकट घेऊ नका, प्रत्येकाचा व्होल्टेज थोडा कमी-जास्त असतो त्यामुळे ज्याचा कमी तोच जास्त करंट ओढतो, एक भगभगीत आणि बाकी मलूल असं होतं. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडून, तीन पांढरे चालतात, ३ गुणिले ३ म्हणजे ९, उरले ३ व्होल्ट, तिथे ६८० ओहम ते १ के लावला की झालं, प्लॅटफॉर्मच्या पत्र्याखाली एका ओळीत तीन दिवे हवे असतील तर हे सोयीचं पडतं. पण सिरीजमधला एक गेला की तिन्ही जातात, म्हणून घरांना आणि खांबांना मी वेगवेगळेच जोडतो.

गणित करून आलेला आकडा आणि डोळ्याला बरा वाटणारा उजेड यात फरक पडतोच, त्यासाठी एक छोटी सोय करून ठेवा. २० के चा एक व्हेरिएबल, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तो पॉट, त्याला सिरीजमध्ये १ के चा फिक्स रेझिस्टर जोडायचा म्हणजे पॉट शून्यावर गेला तरी एलईडी मरत नाही. हे एलईडीच्या ओळीत लावा, खोलीतली ट्यूब बंद करा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा आणि मग बटण हळूहळू फिरवा. एका जागी असं वाटतं की हो, हा चाळीसचा बल्ब आहे. तिथे हात थांबवायचा, सप्लाय काढायचा, पॉट आणि १ के दोन्ही मिळून मल्टिमीटरवर ओहम मोजायचे आणि त्याच्या जवळचा रेझिस्टर लावायचा. ट्यूब चालू ठेवून हे करू नका, दिवसा बरा वाटणारा दिवा रात्री हमखास डोळ्यात जातो.

एलईडी कुठले घ्यायचे तर घरांसाठी वायर जोडून मिळणारे ०६०३ साईजचे एसएमडी (बिनपायाचे चपटे) एलईडी, म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर. पणती, कंदील, होडीवरचा दिवा यांना ०४०२, तो १ बाय ०.५ मिलिमीटर असतो, शिंक आली तरी उडून जातो तेव्हा पांढऱ्या ताटात ठेवून काम करा. रंग बघून घ्या, बल्बसाठी वॉर्म व्हाईट २७०० ते ३००० केल्विन, ट्यूबलाईटसाठी कूल व्हाईट ६००० च्या पुढचा. वॉर्म व्हाईट म्हणून आलेला माल कधी कधी निळसर निघतो, त्यावर काचेवर रंगवायचा पिवळा-नारिंगी ग्लास कलर एक थेंब लावला की सुधारतो. जुने ग्रेन ऑफ व्हीट, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब अजून मिळतात, त्यांचा उजेड सुंदर असतो हे खरं, पण ते गरम होतात, करंट कितीतरी जास्त खातात, प्लॅस्टिकच्या छताला टेकले तर छत वितळतं आणि गेला की बदलायला घर फोडावं लागतं. मी नवीन कामात वापरत नाही.

आलेला प्रत्येक एलईडी लावायच्या आधी तपासा. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डात असतो तो सीआर२०३२ बटण सेल घ्या, दोन वायरी दोन बाजूंना टेकवा, पेटला तर ठीक, नाही तर उलटं करून बघा. ३ व्होल्टच असल्याने उलटा लागला तरी काही बिघडत नाही. १२ व्होल्टवर हा खेळ नको, साधारण ५ व्होल्टच्या वर उलटा दाब सोसायला एलईडी बनलेलाच नसतो. प्लसची वायर सापडली की तिथल्या तिथे टोकाला लाल परमनंट मार्करचा ठिपका, नंतर करू म्हटलं की राहतं. पायवाल्या एलईडीत लांब पाय प्लस आणि कडेचा चपटा भाग मायनसकडे, पण पाय कापले की लांब-आखूड गेलं, मग चपट्या कडेवरच भिस्त.

त्या बारीक वायरी म्हणजे इनॅमलचा थर असलेलं ०.१ मिलिमीटर तांबं, दिसायला उघडं तांबं वाटतं पण वर थर असतो, तो काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. ब्लेडने खरवडायला गेलात तर वायर तुटते. सोल्डरिंग आयर्न चांगला तापू द्या, टेंपरेचर सेट करता येत असेल तर ३८० ते ४००, टोकावर सोल्डरचा ताजा गोळा घ्या आणि वायरचं शेवटचं ३-४ मिलिमीटर त्या गोळ्यात बुडवून दोन-तीन सेकंद धरा. आधी काहीच होत नाही, मग किंचित धूर येतो, थर जळून सुरकुततो आणि एकदम सोल्डर वायरवर चढतं, टोक चांदीसारखं दिसायला लागतं. तेवढं दिसलं की लगेच बाजूला घ्या. खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकात जाऊ देऊ नका. मग हे टोक जाड वायरच्या आधीच सोल्डर लावून ठेवलेल्या टोकाला नुसतं टेकवून आयर्न लावला की जोड होतो, वर हीटश्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. स्लीव्ह जोडाच्या आधी वायरमध्ये ओवायची असते हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, हवा. किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरवर राहणाऱ्याला सांगायला नको, जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, वाऱ्याबरोबर खार येतो आणि तांब्यावर हिरवं चढतं. पुण्यात वर्षानुवर्षं चालणारा जोड इकडे एका पावसाळ्यात दगा देतो, आणि त्यात सगळ्यात मोठा हात चुकीच्या फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्याचा असतो. पत्रा आणि नळाच्या कामाचं ॲसिडवालं फ्लक्स इलेक्ट्रॉनिक्सला कधीच लावू नका, त्याचा उरलेला अंश दमट हवेत वायर खात राहतो. राळेचं फ्लक्स किंवा आत राळ असलेलं ६०/४० सोल्डर, ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. जोड झाला की आयसोप्रोपाईल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन साफ करा, सुकू द्या, आणि जिथे स्लीव्ह बसत नाही तिथे रंग नसलेल्या नेलपॉलिशचा हात फिरवा. एवढं केलं तर जोड टिकतात. नुसत्या पिळलेल्या वायरी आणि वर इन्सुलेशन टेप हे इकडे चालत नाही, टेपचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो आणि पावसात सुटतो. बोर्ड मरीन प्लायचा घ्या आणि वरून, खालून, कडांनासुद्धा रंग द्या, प्लाय पाणी पितो तो कडांतूनच. घरं खळीने चिकटवू नका, मुंग्या आणि झुरळं येतात आणि मागोमाग पाली, फेविकॉल बरा. वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात विजा कडकडायला लागल्या की ॲडॅप्टर प्लगमधून काढून ठेवा, बटण बंद करणं पुरेसं नाही. आगोटीची तयारी करताना घरचं बाकी सगळं झाकतो तसं लेआउटवरही कापड टाका, प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

घर उजळवताना दिवा कुठे बसवला यावर सगळं अवलंबून आहे. जमिनीवर उभा करून वर तोंड केलेला एलईडी खिडकीतून सरळ ठिपका दिसतो, ते वाईट दिसतं. छताला आतून चिकटवा, तोंड खाली, म्हणजे उजेड भिंतीवर पडतो आणि खिडकी नुसती उजळते. कार्डशीटच्या किंवा प्लॅस्टिकच्या भिंतीतून उजेड आरपार येतो, अख्खं घर कंदिलासारखं पेटतं, म्हणून आतून आधी काळा रंग, तो वाळला की त्यावर पांढरा. काळ्याने उजेड अडतो, पांढऱ्याने तो खोलीत पसरतो. कौलांचं छप्पर आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून हमखास रेघ दिसते, तिथे आतून काळ्या कार्डची पट्टी लावा. आत काळ्या कार्डाचेच आडवे-उभे पडदे घालून खोल्या करा आणि दोनच खोल्यांत दिवा द्या, माजघरात मंद, पडवीत जरा जास्त. सगळ्या खिडक्या पेटलेलं घर वाडीत कुणी बघितलंय? खिडकीला मागून बटर पेपर लावला की आत काही नाही ते दिसत नाही. चिऱ्याच्या भिंतीवर पिवळा उजेड तिरपा पडला की जांभ्याचा रंग जो काही उठतो तो बघण्यासारखा असतो, त्यासाठी पडवीतला दिवा भिंतीच्या अगदी जवळ घ्या. छप्पर चिकटवू नका, नुसतं बसेल असं करा आणि घराची वायर खाली दोन पिनांच्या जेएसटी कनेक्टरवर (काढता-घालता येणारी छोटी प्लग-जोडी) आणा, म्हणजे घर उचलून हातात घेता येतं.

खांबांचा हिशोब साधा आहे. एचओ म्हणजे १:८७, प्लॅटफॉर्मवरचा ५ मीटरचा खांब ५७ मिलिमीटर, रस्त्यावरचा ८ मीटरचा ९२. एन स्केलला, १:१६०, तोच ५ मीटरचा ३१ मिलिमीटर येतो. तयार मिळणारे खांब बरेचदा यापेक्षा उंच आणि युरोपच्या गल्लीतले नक्षीदार असतात, त्यापेक्षा १.५ ते २ मिलिमीटरची पितळी नळी आणून घरी करा. नळी स्वतःच मायनस, आतून एकच इनॅमल वायर प्लसची. मायनसची वायर नळीला वरच्या टोकाला सोल्डर करायची, खाली नळीलाच जाड वायर. खडी टाकायच्या आधी बोर्डाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून खांब उभा करा, खाली वायरला वळसा देऊन हॉट ग्लूचा थेंब, म्हणजे खालून कुणी ओढलं तरी वरचा जोड निघत नाही.

बोर्डाखाली दोन जाड वायरी टोकापासून टोकापर्यंत, लाल आणि काळी, ०.७५ स्क्वेअर मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड पुरे. त्यातून जागोजागी कनेक्टर पट्टी आणि तिथून प्रत्येक दिव्याला बारीक वायर, त्यासाठी जुनी लॅन केबल सोलून बघा, आत आठ वेगवेगळ्या रंगांच्या वायरी फुकटात मिळतात. रेझिस्टर घरात किंवा खांबात न लपवता इथे पट्टीवरच लावा, उद्या दिवा भडक वाटला तर स्क्रू सैल करून दुसरा टाकता येतो. स्टेशन, वाडी, फाटक असे गट पाडून प्रत्येकाला वेगळा स्विच द्या, म्हणजे संध्याकाळ हळूहळू करता येते. एखादा गट एकदम मंद करायचा असेल तर त्याच्या आधी एलएम२५९६चा छोटा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारी पट्टी टाका, त्याचा स्क्रू फिरवून १२ चे ९ व्होल्ट केले की सगळे दिवे एकसाथ उतरतात. प्रत्येक वायरला कागदी टेपचा झेंडा आणि त्यावर बॉलपेनने नाव, "मास्तर खोली", "फाटक दिवा", असं. जेलपेनची शाई दमटपणात फुटते.

प्लॅटफॉर्मच्या शेडखाली १२ व्होल्टची एलईडी पट्टीही चालते, ती तीन-तीन एलईडीवर खूण केलेल्या जागीच कापायची आणि ९ व्होल्टच्या आसपास चालवायची, पूर्ण १२ वर ती ऑपरेशन थिएटर वाटते. डब्यांतही हीच पट्टी बसते, पण तिथे उजेड रुळातून घ्यावा लागतो, म्हणून ब्रिज रेक्टिफायर (रुळातलं प्लस-मायनस कसंही उलटलं तरी पुढे एकाच दिशेने देणारा) आणि त्यानंतर थोडी वीज साठवून ठेवणारा ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, नाही तर चाक जरा उडालं की खिडक्या लुकलुकतात. डीसीसीवर कपॅसिटरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर टाका म्हणजे सुरुवातीचा झटका बूस्टरला लागत नाही. सिग्नलमध्ये लाल आणि हिरव्याला एकच रेझिस्टर लावू नका, हल्लीचा हिरवा एलईडी फार प्रखर असतो, लालला २.२ के असेल तर हिरव्याला १० के पासून सुरुवात करा. आणि हो, ओव्हरहेड वायरचे खांब उभारायच्या आधी काळ ठरवा, कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, डिझेल इंजिनाच्या दिवसांचा लेआउट असेल तर ते सगळं काम वाचतं. रूळ आणि मच्छीमार जेटी शेजारी शेजारी दाखवायचा मोह होतो, पण आपली लाईन रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीच आतून जाते, त्यापेक्षा खेडची जगबुडी किंवा चिपळूणची वाशिष्ठी घ्या, पूल येतो आणि पाण्यात सिग्नलचा लाल ठिपका दाखवायची संधीही.

दिवा पेटत नसेल तर आधी घर उचकटू नका. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी पिन मायनसला, लाल पिन रेझिस्टर आणि एलईडी यांच्या मधल्या स्क्रूवर. ३ व्होल्टच्या आसपास दिसले तर एलईडीला करंट मिळतोय, उजेड कुठे तरी अडलाय. पूर्ण १२ दिसले तर पुढची वाट तुटलीय, जोड सुटलाय किंवा एलईडी उलटा लागलाय. शून्य दिसलं तर रेझिस्टरच्या अलीकडे १२ येतायत का बघा, येत नसतील तर फ्यूज, स्विच आणि कनेक्टर, पावसाळ्यानंतर तर कनेक्टरच, दोन-चार वेळा काढून घातला की बहुतेक वेळा चालू होतो. अलीकडे १२ आणि पलीकडे शून्य असेल तर पुढच्या दोन वायरी कुठे तरी एकमेकींना चिकटल्यात किंवा रेझिस्टरच गेलाय. खांबाच्या बाबतीत वायरी चिकटायची जागा जवळजवळ नेहमी नळीच्या वरच्या तोंडाशी असते, कापलेल्या पितळेची धार इनॅमल सोलते, तेव्हा वायर ओवायच्या आधीच ते तोंड बारीक कानशीने आतून-बाहेरून गोल करून घ्या आणि वायरवर तेवढ्या जागी नेलपॉलिशचे दोन हात द्या.